घोरपडीचे दोन वैद्य

माझी बायको गुरांची डॉक्टर आहे आणि मी शाळेत चित्रकला शिकवतो. दोघांपैकी कोणाचं काम जास्त तातडीचं, हा प्रश्न आमच्या घरात कधी पडला नाही. अर्धवट राहिलेला सूर्यास्त उद्यावर ढकलता येतो, अडलेली गाय ढकलता येत नाही.

तिचा अर्धा मुलूख डोंगरावर. वरच्या कुरणांकडे जायला रस्ता आहे असं नकाशा म्हणतो. तो नकाशा काढणारा माझ्यासारखाच कोणी चित्रकार असणार. सुरुवातीला खडी, मग माती, मग ओढ्याचं पात्र, आणि त्यानंतर नुसते दगड, त्यातले काही बसलेले आणि काही बसायची जागा शोधत असलेले. साधी गाडी तिथे जात नाही. म्हणून बायकोकडे ‘घोरपड’ आहे. चौतीस वर्षांची, डब्यासारखी चौकोनी, हिरवी, पेट्रोलवर चालणारी गाडी. तिच्या चारही चाकांत जोर येतो आणि ती दगडाला पोट लावून चढते, म्हणून हे नाव. चढावर ती सहसा हरत नाही. सपाटीवर तिला सायकलवाले मागे टाकतात.

नऊ वर्षं या घोरपडीची देखभाल आमच्या गल्लीच्या टोकाचे ठोकेमिस्त्री करत होते. हे त्यांचं आडनाव नव्हे. त्यांच्या गॅरेजच्या भिंतीवर तीन हातोडे टांगलेले होते, एक लाकडी, एक रबरी आणि एक लोखंडी, आणि त्यांची सगळी विद्या या तीन पायऱ्यांत मावत होती. गाडीचा आवाज जिथून येतो तिथे कान लावायचा, मान हलवायची आणि तिथेच एक ठेवून द्यायची. यावर हसणारे पुष्कळ होते, पण गाड्या चालत होत्या. बायको म्हणायची, “मीही अर्ध्या म्हशी थोपटूनच बऱ्या करते.”

मग गेल्या हिवाळ्यात माझे वडील आमच्याकडे राहायला आले.

बाबा घड्याळजी. एकेचाळीस वर्षं त्यांनी डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं दुरुस्त केली. हल्ली घड्याळ बिघडलं की लोक नवं घेतात, किंवा फोनमध्ये वेळ बघतात. शेवटच्या वर्षी दुकानात गिऱ्हाइकांपेक्षा पत्ता विचारणारेच जास्त येत. शेवटी त्यांनी दुकानाला कुलूप लावलं, हत्यारांची पेटी उचलली आणि आमच्याकडे आले. डोळे उत्तम, हात सुईसारखे स्थिर, आणि करायला काही नाही. पहिल्या आठवड्यात त्यांनी घरातली सगळी घड्याळं सारखी केली. दुसऱ्या आठवड्यात दवाखान्यातला वजनकाटा. तिसऱ्या आठवड्यात शेजारी आपापली घड्याळं लपवायला लागले, कारण बाबा एकदा घड्याळ घेऊन गेले की ते बरोबर वेळ दाखवत परत यायचं, पण कुठल्या महिन्यात ते सांगता यायचं नाही.

चौथ्या आठवड्यात मी शाळेतून आलो तर बाबा दवाखान्याच्या शेडमध्ये घोरपडीसमोर उभे होते, हात पाठीमागे बांधून. पुढे काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

“हिच्या ठोक्यात खोट आहे,” ते म्हणाले.

“बाबा, ती चालतेय.”

“बंद पडलेलं घड्याळसुद्धा दिवसातून दोनदा बरोबर असतं. म्हणून ते चालतंय म्हणायचं का?”

दुसऱ्या दिवसापासून उपचार सुरू झाले. एकेक नटबोल्ट निघायचा, पेट्रोलमध्ये आंघोळ करायचा आणि अंड्यांच्या ट्रेमध्ये आपापल्या खळग्यात जाऊन बसायचा, शेजारी नंबराची चिठ्ठी. कोणाला कधीच दिसणार नाहीत असे बोल्टसुद्धा बाबा चकाकवायचे. मला त्यांनी प्रत्येक भागाचं चित्र काढायला बसवलं. माझ्या चित्रकलेचा कुठेतरी उपयोग आहे, हे त्यांना माझ्या वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी पटलं.

अडचण एवढीच की गुरं आजारी पडताना अंड्यांचा ट्रे बघत नाहीत. एका सकाळी बायको पिशवी घेऊन धावत शेडमध्ये आली.

“बाबा, गाडी?”

“आहे की.”

“कुठे?”

“थोडी इथे आहे, थोडी त्या बाकावर आहे आणि थोडी खिडकीत वाळत घातलीय.”

बायकोने दूधवाल्याची मोटारसायकल मागून घेतली आणि गेली. संध्याकाळी परत आली तेव्हा तिच्या अंगावर एवढा चिखल होता की दारात कुत्र्याने तिला ओळखलं नाही. त्या दिवशी जेवताना बाबांचा पहिल्यांदा चमचा खाली पडला.

खरं सांगायचं तर बाबांच्या हातून चांगलंही पुष्कळ झालं. रेडिएटरची एक रबरी नळी वरून धडधाकट दिसत होती. बाबांनी ती बोटांनी वाकवली तेव्हा आतून तडकलेली निघाली. डोंगरात ती फुटली असती तर इंजिन उकळलं असतं. मागच्या चाकांच्या आसातलं तेल त्यांनी काढलं तर ते चहात दूध घालावं तसं फिकट झालेलं. ओढा ओलांडताना आत पाणी शिरलं होतं. ते पाहून खुद्द ठोकेमिस्त्री, जे केवळ चेष्टा करायला आले होते, ते गप्प झाले. पण फार वेळ नाही.

“काका,” ते म्हणाले, “काम स्वच्छ आहे. पण ही मनगटाला बांधायची आहे का?”

“मिस्त्री,” बाबा डोळ्यावरचं भिंग न काढता म्हणाले, “तुम्ही तिला ठोकून ठोकून बहिरी केलीय. आता कोणी नीट बोललं तरी तिला ऐकू येत नाही.”

तेव्हापासून दोघांचं जे जुंपलं ते जुंपलंच. मिस्त्री दिवसातून दोनदा “सहज” यायचे. बाबा त्यांना स्टूल द्यायचे आणि मग त्यांच्याकडे पाठ करून काम करायचे. मी दोघांनाही “तुमचं बरोबर आहे” म्हणायचो. बायकोने एकदा विचारलं, “दोघांचंही कसं बरोबर असेल?” मी म्हणालो, “तुझंही बरोबर आहे.”

गाडी एकदाची जुळली. एकही बोल्ट उरला नाही, याचं मिस्त्रींना अतोनात वाईट वाटलं. इंजिन इतकं बिनआवाज चालायला लागलं की बायकोने दोनदा चालू गाडीलाच किल्ली मारली. गावातल्या गावात आठवडाभर ती सुरळीत फिरली. मग सोमवारी बायकोने टाकी काठोकाठ भरली, वरच्या कुरणाकडे निघाली, आणि अर्ध्या वाटेत घोरपड दोन आचके देऊन बंद पडली. बायको दहा मिनिटं चाकाशी बसून राहिली. मग सहज किल्ली फिरवली तर चालू. बुधवारी पुन्हा तेच.

“पंप,” मिस्त्री म्हणाले. “पेट्रोल ओढणारा पंप अडकतो. एक ठेवून दिली की सुटेल.”

“ठिणगी,” बाबा म्हणाले. “ठिणगी जिथे पडते तिथे कुठेतरी काजळी साचते. ती कागदाने पुसावी लागते. मारहाणीने काजळी जात नाही.”

गुरुवारी सकाळी वरच्या कुरणावरून फोन आला. तिथे एक म्हातारी एकटी गुरं राखते. तिची गाय पहाटेपासून अडली होती. वासराचं डोकं आणि एकच पाय दिसत होता. बायकोने फोन ठेवला, पिशवी भरली आणि शेडमध्ये येऊन दोन्ही वैद्यांकडे बघितलं.

“बसा,” ती म्हणाली.

“कोण?” दोघांनी एकदम विचारलं.

“दोघंही. ज्याच्या औषधाने गाडी चालू होणार नाही, तो धक्का मारेल.” मग माझ्याकडे वळून, “तुम्हीपण चला. चढावर चाकामागे दगड लावायला कोणीतरी लागेल.”

मला सुट्टी होती, आणि दगड लावण्याची पात्रताही होती.

खडी संपल्यावर बायकोने गाडी थांबवून चारही टायरची थोडी हवा सोडली. टायर जरा बसले की दगडावर पंजा नीट रोवतात. बाबा मागच्या बाकावर हत्यारांची पेटी मांडीवर घेऊन बसले होते, मिस्त्री त्यांच्या शेजारी तीन हातोडे घेऊन, आणि मी दोघांच्या समोर औषधांच्या खोक्यावर. वळणावर दोघांचे गुडघे आपटले की दोघं माझ्याकडे रागाने बघत.

निघाल्यापासून तेविसाव्या मिनिटाला, ओढ्याच्या अलीकडे, घोरपड आचके देऊन थांबली. मी उडी मारून दगड लावला. बाबा शांतपणे उतरले, पेटी उघडली, भिंग लावलं, कागदाची बोटभर पट्टी कापली आणि ती ठिणगीच्या जागी दोन पत्र्यांच्या मधून हळूच फिरवली. मग आणखी एक पट्टी. मग एक कोरडी पट्टी. मिस्त्री म्हणाले, “नमनालाच घडाभर तेल.” दहा मिनिटांनी बाबांनी मान डोलावली. बायकोने किल्ली फिरवली. घोरपड चालू.

बाबांनी भिंग पुसून ज्या थाटात खिशात ठेवलं, ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

ओढा पार झाला. पाणी दाराच्या खालच्या कडेला लागलं, पण बाबांनी बदललेल्या रबरी पट्ट्यांतून थेंब आत आला नाही. पुढे वीस मिनिटांनी, दगडांच्या पहिल्या पायरीवर, पुन्हा आचके आणि पुन्हा शांतता. मी दगड लावला.

“आता काजळी कुठून आली?” मिस्त्रींनी प्रेमाने विचारलं.

त्यावर दोघांचं पाच-सात मिनिटं यथेच्छ भांडण झालं. त्यात मिस्त्रींच्या गुरूचा आणि आमच्या आजोबांचाही उद्धार झाला. शेवटी मिस्त्रींनी रबरी हातोडा निवडला, इंजिनच्या कुशीतल्या पंपाला कान लावला आणि तीन वेळा हाणलं. टप्, टप्, टप्. बायकोने किल्ली फिरवली. चालू!

“बोला, काका,” मिस्त्री म्हणाले.

“कावळा बसायला आणि फांदी मोडायला,” बाबा म्हणाले.

“तुमची पट्टी म्हणजे विद्या आणि माझा हातोडा म्हणजे कावळा होय?”

तिसऱ्यांदा गाडी बंद पडली तेव्हा दोघंही थांबायच्या आधीच दार उघडून तयार होते. बाबांच्या हातात पट्टी, मिस्त्रींच्या हातात या वेळी लोखंडी हातोडा. बायको खाली उतरली आणि बॉनेटवर चढून बसली. गाय किंवा म्हैस लाथा झाडायला लागली की ती ज्या आवाजात बोलते, त्या आवाजात ती म्हणाली,

“कोणीही हात लावायचा नाही.”

“पण सूनबाई...”

“दहा मिनिटं. कोणी शिंकायचंसुद्धा नाही.”

आम्ही दहा मिनिटं उभे राहिलो. डोंगरावर वारा होता. मिस्त्री हातोडा या हातातून त्या हातात घेत होते. बाबा आपल्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते आणि बायको त्यांच्याकडे. दहा मिनिटं झाल्यावर ती उतरली, आत बसली आणि किल्ली फिरवली. घोरपड पहिल्याच झटक्यात सुरू झाली.

दोघांचे चेहरे बघण्यासारखे झाले. आपल्या लग्नात आपल्याला न विचारता अक्षता पडाव्यात, तसे.

“अशी कशी चालू झाली?” मिस्त्री दुखावलेल्या आवाजात म्हणाले.

“कोणी काही केलंच नाही आणि चालू?” बाबा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा दोघांचं एकमत होत होतं.

“म्हणजे तुम्ही दोघांनी आधी जे केलं, त्यानेही ती चालू झाली नव्हती,” बायको म्हणाली. “ती विश्रांतीने चालू होते. आता पुन्हा बंद पडली की तिला मी तपासणार.”

ती पडलीच. शेवटच्या चढाच्या तोंडाशी, वरच्या कुरणाचं कुंपण नजरेत आल्यावर. मी दगड लावला. बायको गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून गाडीभोवती फिरायला लागली. मला वाटलं, तिचं डोकं फिरलं. इंजिनकडे तिने बघितलंसुद्धा नाही. मागे गेली, गाडीच्या पोटाखाली असलेल्या पेट्रोलच्या टाकीशी उकिडवी बसली आणि टाकीच्या बाजूवर तिने टिचकी मारली.

“गाय फुगली की डावी कूस बाहेर येते,” ती म्हणाली. “टिचकी मारली की ढोल वाजतो. हिची कूस आत गेलीय. बघा.”

आम्ही तिघं चिखलात गुडघे टेकून वाकलो. टाकीचा पत्रा खरंच मध्ये खोल गेला होता, गाल आत ओढल्यासारखा. तिने पत्र्याला स्टेथोस्कोप लावला, क्षणभर ऐकलं, मग उठून टाकीचं झाकण धरलं आणि फिरवलं. ते निघेना. दोन्ही हातांनी जोर केला. झाकण सुटलं आणि टाकीने असा लांबलचक श्वास आत घेतला की मी एक पाऊल मागे सरलो. हुऽऽऽस्स. मागोमाग पत्रा ‘टुण्’ करून जागेवर आला.

“हिला श्वास घेता येत नव्हता,” बायको म्हणाली. “आतलं पेट्रोल जेवढं बाहेर जातं, तेवढी हवा आत यायला नको? हवा येत नाही, मग पंपाने ओढायचं तरी किती? थांबलं की कुठूनतरी हळूहळू हवा शिरते आणि ही पुन्हा चालू होते. काठोकाठ भरली की आत हवेला जागाच कमी, म्हणून आचके लवकर. गावात अर्ध्या टाकीवर दोन गल्ल्या फिरलं तर काही कळत नाही.”

मग तिने झाकण उलटं केलं. आत एक सुरेख, अगदी गोल, काळजीने कापलेली रबरी चकती बसवलेली होती. पेट्रोलच्या वाफेने ती फुगली होती आणि दट्ट्यासारखी घट्ट झाली होती. बायकोने ती नखाने उचकटून काढली. चकतीवर बारीक उभ्या रेघा होत्या.

“ही माझी शेकायची पिशवी आहे,” ती सावकाश म्हणाली. “दीड महिना मी ही शोधतेय.”

मी कुंपणाकडे बघायला लागलो. ती पिशवी बाबांना कपाटातून मीच काढून दिली होती.

“झाकण सैल होतं,” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता. “कडेने धूळ आत जात होती. घड्याळात धूळ गेली तर...”

“काका!” मिस्त्रींना हसू आवरेना. हातोडा टाकून ते मांडीवर थापा मारायला लागले. “अहो काका! आख्खी गाडी दोन महिने धुतली, पुसली, आणि शेवटी तिचंच नाक दाबलं! रोगापेक्षा औषध भयंकर! हे मी गावात सांगणार. पहिलं दूधवाल्याला सांगणार.”

बाबा दगडावर बसले. दुकानाला कुलूप लावलं त्या दिवशी ते असेच बसले होते, पायरीवर, किल्ली हातात घेऊन. मला काहीतरी बोलायला हवं होतं, पण “तुमचं बरोबर आहे” याखेरीज मला वैद्यकीत काही येत नव्हतं आणि ते या वेळी चालण्यासारखं नव्हतं. बायकोने एकदा कुंपणाकडे आणि एकदा बाबांकडे बघितलं. मग तिने ते झाकण त्यांच्या हातात दिलं.

“बाबा, हे आता असंच लावू का? दगडावर गाडी कलली तर पेट्रोल सांडेल का, बघा ना.”

सवयीने बाबांचा हात खिशात गेला आणि भिंग डोळ्याला लागलं. त्यांनी झाकण फिरवून फिरवून बघितलं. मग ते जवळ घेतलं. मग आणखी जवळ.

“मिस्त्री,” ते म्हणाले, “जरा इकडे या. या झाकणाच्या मधोमध एक भोक आहे.”

“कुठाय?”

“नाहीच. होतं. मूळ बनवणाऱ्याने ठेवलेलं, हवेसाठी. ते बुजलंय. आत हिरवा रंग आहे.” बाबांनी भिंगाआडून वर बघितलं. “गाडीला हिरवा रंग कोणी दिला होता?”

मिस्त्रींचं हसू जिथे होतं तिथेच थांबलं.

दोन वर्षांपूर्वी घोरपडीला रंग मिस्त्रींनीच दिला होता. झाकण न काढता, वरच्या वर, दोन हात. भोक रंगाने बुजलं. मग घोरपड सैल कडेने श्वास घेत राहिली, आणि ती कड बाबांनी बंद केली. एकट्याने कोणालाही ही गाडी बंद पाडता आली नसती.

“आता दूधवाल्याला काय सांगायचं?” बायकोने विचारलं.

“दूधवाल्याला काय करायच्यात नसत्या चौकशा,” मिस्त्री म्हणाले.

बाबांनी पेटीतून केसाएवढी सुई काढली आणि भोकातला रंग टोकरून काढला. मिस्त्रींनी झाकण तोंडाशी धरून फुंकर मारली. हवा आरपार गेली. चकती बाबांनी खिशात टाकली, झाकण लागलं आणि चार मिनिटांत आम्ही कुंपणाच्या आत होतो.

कुरणवाली म्हातारी गोठ्याच्या दारात उभी होती. तिने गाडीतून एकामागून एक उतरणारी माणसं मोजली.

“चार-चार डॉक्टर आणलेत?”

“डॉक्टर एक. बाकीचं सामान आहे,” बायको म्हणाली आणि बाह्या वर करून आत गेली.

गाय उभी होती, पण दमलेली. वासराचा दुसरा पाय आत मागे मुडपला होता. बायकोने खांद्यापर्यंत हात आत घातला, वासराला अलगद मागे लोटलं आणि डोळे मिटून, ओठ चावत, तो पाय शोधत राहिली. चांगली पंधरा मिनिटं गेली. मला शेपूट धरायला सांगितलं होतं. सहाव्या मिनिटाला मला जरा बसावंसं वाटलं आणि म्हातारीने शेपूट माझ्याकडून काढून घेतलं.

“सापडला,” बायको म्हणाली. दोन्ही पायांना दोऱ्या लागल्या. “आता ओढायला दोघं या.”

मिस्त्रींनी दोरी मनगटाला गुंडाळली आणि भिंतीला पाय लावला. त्यांनी या हातांनी गिअरबॉक्स उचलले आहेत.

“थांबा!” बायको ओरडली.

“थांबा,” बाबाही म्हणाले. त्यांनी दोरीवर दोन बोटं ठेवली होती. “तिची कळ येऊ दे. आता नाही... आता नाही... हां, आली. ओढा. सावकाश. आता सोडू नका, नुसतं धरा. ताण तेवढाच ठेवा.”

बायकोने चमकून त्यांच्याकडे बघितलं. “बरोबर. असंच.”

बाबांनी सांगायचं आणि मिस्त्रींनी ओढायचं, असं सात-आठ वेळा झालं. दोघांपैकी कोणी वाद घातला नाही. मिस्त्रींचा चेहरा लालबुंद झाला होता आणि बाबांची बोटं दोरीवर तशीच हलकी होती. मग एकदम सगळंच बाहेर आलं, वासरू, पाणी आणि त्यांच्याबरोबर जमिनीवर मिस्त्री. बायकोने वासराचं नाक पुसलं, गवताच्या मुठीने बरगड्या खसाखसा चोळल्या. वासरू शिंकलं. काळी कालवड, कपाळावर पांढरा ठिपका. म्हातारी इतका वेळ शेपूट धरून दगडासारखी उभी होती, ती पदराने डोळे पुसायला लागली, आणि मग तिने आम्हा सगळ्यांना चहा दिला. मला दुप्पट साखरेचा.

परतीच्या वाटेवर घोरपड एकदाही थांबली नाही. मागच्या बाकावर दोघं वैद्य एकाच पोत्यावर हात पुसत होते.

“दोरीचा ताण कसा कळला, काका?”

“स्प्रिंग भरताना कळतो तसाच. बोटाला कळतो. तुम्हीही शिकाल.”

“मी?” मिस्त्रींनी आपल्या पंजाकडे बघितलं. “माझ्या गॅरेजात दोन कार्बोरेटर पडलेत. बारीक भोकांचं काम आहे. माझी बोटंच आत जात नाहीत. बघाल का जरा?”

बाबा लगेच हो म्हणाले नाहीत. एक अख्खं वळण ते पेटीतली हत्यारं सारखी करत बसले. मग म्हणाले, “उजेड कसा आहे तुमच्याकडे?”

आता बाबा आठवड्यातले चार दिवस मिस्त्रींच्या गॅरेजात खिडकीजवळच्या टेबलावर बसतात. तिथे अंड्यांचे ट्रे आलेत, आणि गिऱ्हाइकांना गाडी कुठल्या तारखेला मिळेल ते मिस्त्री सांगतात, बाबांना विचारू देत नाहीत. घोरपडीसाठी बायकोने शेडच्या दारावर खडूने नियम लिहिले: उघडायचं ते रविवारी. एका वेळी एकच भाग. रविवारी उघडलेलं रविवारीच बंद. आणि काहीही दुरुस्त केलं तर टाकी काठोकाठ भरून, दगडांच्या वाटेने, एक तास गाडी चालवून बघायची, बरोबर दोघांनीही बसायचं. शेकायची नवी पिशवी तिने स्वतःच्या कपाटात कुलपात ठेवली आहे आणि किल्ली मला दाखवलेली नाही.

गेल्या आठवड्यात ती एकटीच वर जाऊन आली, तिन्ही कुरणं, सात तास. गाडीचा आवाज आला तसे दोघं गॅरेजातून गल्लीभर पळत आले. बाबांच्या डोळ्याला भिंग तसंच होतं.

“काय झालं?” मिस्त्रींनी विचारलं.

“काही नाही. चांगली चालली.”

“ओढ्यात?”

“चांगली.”

“शेवटच्या चढावर जरासुद्धा...?” बाबांनी आशेने विचारलं.

“नाही, बाबा.”

दोघं तिथेच उभे राहिले. परगावच्या पाहुण्यांनी येत नाही म्हणून कळवावं, तसे त्यांचे चेहरे पडले. बायकोने पिशवी माझ्याकडे दिली, दोन पावलं चालली आणि थांबली.

“उतारावर मागून थोडी किणकिण येत होती,” ती म्हणाली. “डावीकडून असावी.”

“मी म्हटलं नव्हतं?” दोघं एकदम म्हणाले आणि पोतं अंथरून गाडीखाली गेले. रविवारच होता. मी पिशवी आत नेऊन उघडली. वर तिचा रिकामा जेवणाचा डबा होता आणि त्यात चमचा किणकिणत होता. तिने बोट ओठावर ठेवलं, डबा माझ्या हातातून घेतला आणि आवाज न करता धुवायला नेला.